आजीच्या वाटणीचा चौकोन

फोन आला तेव्हा मी भोपळ्याच्या बिया काढत होतो.

पोर्टलंडला, मुलीच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना पेपर पसरला होता. माझे हात कोपरापर्यंत चिकट झाले होते. समोर माझी नात रेवा खुर्चीवर गुडघे टेकून बसली होती. ती तेव्हा सात वर्षांची होती. भोपळ्याला डोळे कुठे कोरायचे ते ती पेनाने आखत होती.

"आजोबा, एक डोळा मोठा झाला."

"असू दे. चाळिशी लागली असेल त्याला."

"चाळिशी म्हणजे?"

तेवढ्यात जावयांचा फोन वाजला. "हां, दिगंबरदादा, बोला," असं म्हणत प्रसन्नराव काचेचं दार सरकवून मागच्या अंगणात गेले आणि दार लावून घेतलं. दिगंबर माझा पुतण्या, कराडला असतो. काचेतून मला प्रसन्नराव दिसत होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मग सुलूला, म्हणजे माझ्या मुलीला, बाहेर बोलावलं. ती गेली आणि तिथल्या लाकडी ओट्याच्या ओल्या फळ्यांवर तशीच खाली बसली.

तेव्हा मला कळलं. कोण ते मात्र कळलं नाही.

"बाबा, जरा बाहेर येता?"

"मी पण येते," रेवा म्हणाली.

"तू डोळा नीट कर," मी म्हणालो.

बाहेर गेल्यावर मी विचारलं, "कुसुम का?" कुसुम माझी धाकटी मेहुणी. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

प्रसन्नराव म्हणाले, "नाही बाबा. आई."

मी हातांकडे बघितलं. बोटांना एक बी चिकटली होती. ती मी काढली आणि कठड्यावर ठेवली.

मे महिन्यात मी आणि माझी बायको शालन, आम्ही दोघं अमेरिकेला आलो होतो. मी कराड डेपोत मेकॅनिक होतो. रिटायर झाल्यावर मुलीकडे जाऊ, सगळं बघू, असं बरीच वर्षं चाललं होतं. सप्टेंबरअखेर कुसुमच्या ऑपरेशनचं निघालं, तेव्हा शालन म्हणाली, "मी जाऊन येते. तिला दुसरं कोण आहे? तुम्ही राहा इथं. पोरगी शाळेतून आल्यावर घरी कुणीतरी पाहिजे." नोव्हेंबरात ती परत येणार होती. त्या सकाळी कुसुमच्या घरी ती उठली, चहाचं आधण ठेवलं, आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून कुसुम काठी टेकत आत आली.

"तुमचा पासपोर्ट," प्रसन्नराव म्हणाले आणि थांबले.

"माहितीय."

तो नवा करायला पाठवला होता. आला नव्हता.

"दिगंबरदादांना थांबवू या का?"

"किती थांबवणार? उरकायला सांगा."

सुलू त्याच रात्री निघाली. बॅग गाडीत टाकताना माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाबा, रेवाला सांगू नका. मी आल्यावर मी सांगते. तिचं हॅलोविन तरी होऊ दे. किती दिवस नाचतेय ती."

"बरं," मी म्हणालो.

मग रेवाचा पापा घेऊन सुलू तिला म्हणाली, "कुसुमआजीला जरा बरं नाही गं. बघून येते."

पुढचे दिवस कसे गेले ते मला नीट आठवत नाही. सकाळी अंघोळ करायचो. रेवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायचो. परत येऊन बसायचो. सुतक म्हणून पलंग सोडून जमिनीवर झोपायचो.

"आजोबा, तू खाली का झोपतो?"

"पाठ दुखते."

"आजीला फोन लाव ना."

"तिचा फोन बिघडलाय."

"मग कुसुमआजीच्या फोनवर लाव."

"ती झोपली असेल आता. तिकडं रात्र आहे."

हे सगळं मी सहज बोलायचो. अडखळत नव्हतो.

आता हॅलोविनच्या खाऊचं सांगतो, शालन भारतात जायला निघण्याआधीचं. हॅलोविन म्हणजे काय हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. रेवाने सांगितलं, भुतं येतात, मेलेली माणसं येतात, मग पोरं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागत फिरतात. शालन म्हणाली, "म्हणजे यांची सर्वपित्रीच की. आपल्याकडं आले की खीर-वडे, यांच्याकडं आले की चॉकलेट."

त्यांच्या गल्लीतली चार घरं त्या संध्याकाळी एका गॅरेजात जमायची. प्रत्येक घराने एक पदार्थ न्यायचा. रेवाने आमच्या घराचा पदार्थ परस्पर ठरवून टाकला होता. तिकडे पोरं सकाळी दुधातून खातात ते तांदळाचे कुरकुरीत दाणे घ्यायचे, मार्शमेलो म्हणून पांढऱ्या मऊ गोळ्या मिळतात त्या लोण्यात वितळवायच्या, त्यात दाणे कालवायचे, थापायचं आणि चौकोन कापायचे. भट्टी लागत नाही, काही नाही. दुकानात शालनने त्या गोळ्यांची पिशवी दाबून बघितली.

"रबराचे बत्तासे," ती म्हणाली. "आणि हे चुरमुरे. अगं, मग हे आपले चुरमुऱ्याचे लाडूच झाले. गुळाच्या जागी बत्तासे."

"तू करशील?" रेवाने विचारलं.

"मी नसेन तेव्हा. आजोबांकडनं करून घे. किती वेळा बघितलंय त्यांनी. करता ओ?"

"करतो," मी म्हणालो.

"आणि माझ्या वाटणीचा एक ठेव. आल्यावर खाईन."

जायच्या आधी तिने रेवाचा पोशाखही शिवून ठेवला होता. गल्लीतल्या बाकी मुली पऱ्या नाहीतर चेटकिणी होणार होत्या. रेवाला एसटीची कंडक्टर व्हायचं होतं. उन्हाळाभर मी तिला डेपोच्या गोष्टी सांगितल्या, त्याचा तो परिणाम. खाकी शर्ट, खांद्याला चामड्याची बॅग, हातात कागदाला भोकं पाडायचा चिमटा.

हॅलोविन शनिवारी होतं. सकाळी प्रसन्नराव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाबा, तिकडे उद्या सकाळी दहावा आहे. म्हणजे आपल्याकडे आज संध्याकाळी. सुलूचा फोन येईल."

"बरं."

"आणि त्या खाऊचं काय करायचं? मी दुकानातून आणतो तयार. तुम्ही नका त्रास घेऊ."

"नाही!" रेवा जिन्यावरून ओरडली. "आजीने सांगितलंय, आजोबा करणार!"

मी प्रसन्नरावांना बाजूला घेतलं. "सुतकात गोडधोड करायचं आणि चार घरच्या पोरांना खायला घालायचं. बरं दिसतं का?"

"बाबा, इथे कुणाला सुतक कळतंय?"

"आपल्याला कळतं."

त्यांनी जिन्याकडे बघितलं. मग म्हणाले, "नाही केलं तर तिला कारण सांगावं लागेल."

मी पातेलं काढलं.

लोणी टाकलं, वर गोळ्या टाकल्या. त्या फुगल्या, मग एकमेकीत मिसळल्या. माझ्या डोक्यात चुरमुऱ्याचे लाडू होते. शालन गुळाचा पाक करायची तेव्हा शेजारी वाटीत गार पाणी ठेवायची. पाकाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांनी वळवायचा. टणक गोळी झाली आणि वाटीवर टाकल्यावर टण् वाजली की पाक झाला. मीही वाटीत पाणी घेतलं. थेंब टाकला. तो नुसता चिकटला.

"झालं?" रेवाने विचारलं.

"नाही अजून. गोळी होत नाही."

मी गॅस वाढवला. पुन्हा थेंब टाकला. पुन्हा वाढवला. पाक तांबूस झाला, मग तपकिरी. शेवटी गोळी झाली. टण् वाजली. मला बरं वाटलं. दाणे टाकले, पाण्याचा हात लावून ताटात थापलं. हात भाजले, पण थापलं.

थोड्या वेळाने सुरी लावली. सुरी आत जाईना. रेवाने चमच्याने ताटावर ठोकलं. खण् असा आवाज आला. तिने एक कडा कशीबशी तोडली, तोंडात घातली आणि बाहेर काढली.

"आजोबा, हा तर दगड आहे!"

"तुझ्या आजीचा पाक असाच असतो."

"आजीचा लाडू दाताने तुटतो! हा हातोडीने पण नाही!"

ती खरंच धावत गॅरेजात गेली आणि प्रसन्नरावांची हातोडी घेऊन आली. ते तिच्या मागे, "अगं, अगं," करत. रेवाने ताट उपडं केलं. सगळं एकसंध खाली पडलं आणि फुटलं नाही. गाडीच्या चाकाच्या टोपणासारखं फरशीवर गोल फिरत राहिलं. रेवा हसत हसत खाली बसली. प्रसन्नराव हसले. मीसुद्धा हसलो. मोठ्याने हसलो. माझा आवाज ऐकून प्रसन्नराव हातोडी ठेवायला निघून गेले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीमागचं वाचून दाखवलं. "बाबा, मंद आच. नुसतं वितळलं की बंद. पाक करायचाच नाही. आणि हाताला पाणी नाही, लोणी लावायचं."

तसं केलं. रेवाने भगवा रंग टाकला. मिश्रण मऊ होतं, चिकट तारा सुटत होत्या. आम्ही ते थापलं, निवल्यावर चौकोन कापले. प्रत्येक चौकोनाला चॉकलेटचे दोन डोळे लावले. रेवाने सगळ्यांत नीट झालेला एक उचलला, माझ्या तंबाखूची रिकामी स्टीलची डबी धुऊन पुसून घेतली आणि त्यात ठेवला.

"हा आजीचा," ती म्हणाली. "आजोबा, तुझ्या डबीत मुंग्या जात नाहीत ना?"

"नाही जात."

संध्याकाळी ती खाकी शर्ट घालून तयार झाली. गळ्यात बॅग, हातात चिमटा. दारातून निघताना तिने माझ्यासमोर चिमटा वाजवला.

"तिकीट, तिकीट. कुठे जायचं, आजोबा?"

"विटा," मी म्हणालो. तोंडात आलं त्या गावाचं नाव घेतलं.

"एक विटा! सुट्टे द्या!" ती ओरडली आणि हसत प्रसन्नरावांचा हात धरून गेली. चौकोनांचं ताट त्यांच्या हातात होतं. मी दाराशी उभा राहिलो. पोरं रस्त्याने ओरडत चालली होती. आमच्या पायरीवर भोपळा पेटवून ठेवला होता, एक डोळा मोठा असलेला.

आत येऊन बसलो तोच सुलूचा फोन आला. तिच्या मागे नदीवरचा वारा आणि बायकांचं बोलणं ऐकू येत होतं.

"बाबा, पिंड ठेवून कितीतरी वेळ झाला. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेत. खाली येत नाहीत."

"येतील."

"नाही येत ना. दिगंबरदादा म्हणाला, कुसुममावशीला मी सांभाळीन. नाही आले. मी म्हणाले, बाबांना एकटं ठेवणार नाही. नाही आले. मावशी म्हणतेय, तिचा जीव कशाततरी अडकलाय. गुरुजी म्हणतात, आता दर्भाचा कावळा करून लावू. बाबा, आईचं काय राहिलं होतं?"

"मला काय माहीत?"

"तुम्हाला नाही तर कुणाला? तुम्ही बोला काहीतरी. फोन पिंडाजवळ धरते."

औषध, घर, पैसा, असलं तिचं काही नव्हतं. दारात वाजलेला चिमटा माझ्या कानात होता. एक विटा.

शालनचं माहेर विट्याजवळचं. आमच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती तेव्हा तिचा थोरला भाऊ कराडला आला. म्हणाला, "आईला जरा बरं नाही. चल, बघून येऊ." मी ड्यूटीवर होतो. ती त्याच्याबरोबर विट्याच्या गाडीत बसली. आई आदल्या दिवशीच गेली होती. भावाला माहीत होतं. कंडक्टर तिच्या गावचा, त्यालाही माहीत होतं. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनाही माहीत होतं. सगळे तिच्याशी नीट बोलत राहिले. कडेगावला गाडी थांबली तेव्हा भावाने तिला उसाचा रस पाजला. कंडक्टरने काहीतरी चेष्टा केली आणि ती खूप हसली. घराजवळ पोचल्यावर दारात बायका बसलेल्या दिसल्या.

आईचं मरण तिने पुढे पचवलं. तो रस पचला नाही. उसाचं गुऱ्हाळ दिसलं की ती तोंड फिरवायची. "मी हसत होते ओ," एवढंच म्हणायची. "तिकडं ती पडली होती आणि मी खिदळत होते. मला का नाही सांगितलं?" भावाला ती दर भाऊबीजेला ओवाळायची, पण त्याच्या हातचं पाणी तिने पुन्हा घेतलं नाही.

"बाबा? धरलाय फोन. बोला."

मी म्हणालो, "शालन, रेवाला मी सांगतो. आज सांगतो. तिला फसवून ठेवत नाही."

"बाबा!" सुलूचा आवाज आला.

मग काही वेळ नुसता वारा होता. मग एकदम गलका झाला. कुसुमचा रडण्याचा आवाज मी ओळखला.

"शिवला," सुलू म्हणाली. "बाबा, शिवला."

कावळ्याला भूकही लागली असेल. ते मला सांगता येणार नाही.

जरा वेळाने सुलू म्हणाली, "पण आज नको ना, बाबा. मी चार दिवसांत येतेच आहे. मला तिच्याजवळ असू दे."

"मी बोलून बसलोय आता."

"तुम्हाला जमेल?"

"नाही माहीत. ठेवतो."

रेवा परत आली ती बॅग भरून. ताट रिकामं होतं. "आजोबा, सगळे संपले! ऑलिव्हरने तीन खाल्ले! मी सगळ्यांना तिकीट दिलं!" प्रसन्नरावांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि दार लावून तिथेच उभे राहिले.

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. "रेवा, इकडं ये."

ती आली. माझ्या शेजारी बसली. गोळ्या चाळवत होती.

आजी गेली म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, कुठे गेली. वारली हा शब्द तिला माहीत नव्हता. म्हणून मी म्हणालो, "आजी मेली, बाळा."

तिने गोळ्यांतून हात काढला.

"कधी?"

"तू भोपळ्याचा डोळा काढत होतीस ना. तेव्हा फोन आला."

तिने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे आज आपण दगड केला तेव्हा आजी नव्हती?"

"नव्हती."

"मी हसले."

"हो."

"तू पण हसलास. तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"बाबाला?"

प्रसन्नरावांनी मान डोलावली.

"मला का नाही सांगितलं?"

हाच प्रश्न शालनने भावाला विचारला होता. त्याने जन्मभर उत्तर दिलं नाही. मी म्हणालो, "सांगायला पाहिजे होतं."

"आजीला राग आला असेल, मी हसले म्हणून?"

"तुझा नाही येणार. तुला माहीत नव्हतं."

तिने खाकी शर्टाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि डबी घेऊन आली. डबी तिने दोन्ही हातांत घट्ट धरली होती. आता ती रडत होती, पण आवाज न करता.

"हा कोण खाणार?"

मी तिला कावळ्याचं सांगितलं. आपण गेलेल्या माणसाचा घास कावळ्याला ठेवतो, त्याने खाल्ला की त्या माणसाला पोचतो. तिने विचारलं, "कराडला कावळे आहेत?"

"ढीगभर."

"मग तू ने. तू जाशील तेव्हा आजीला दे. पक्कं?"

"देतो," मी म्हणालो.

नवा पासपोर्ट आला आणि जानेवारीत मी कराडला परत आलो. डबी हातातल्या बॅगेत होती. विमानतळावरच्या माणसाने ती उघडून बघितली, त्या दोन डोळ्यांकडे बघून तो हसला आणि झाकण लावून परत दिली. त्यानंतर ती उघडलेली नाही. आत काय उरलं असेल ते माहीत नाही. बहुतेक पहिल्या खेपेसारखाच दगड झाला असेल.

दर वर्षी शालनच्या श्राद्धाला मी गच्चीवर पान ठेवतो. खीर, वडे, अळूची भाजी. कावळे लगेच येतात. डबी कपाटात असते, तिच्या साड्यांच्या खणात. दर वेळी डबी न्यायला खाली येतो, कपाट उघडतो आणि तसंच लावतो.

रेवा आता कॉलेजला जाते. हॅलोविनच्या दिवशी तिचा न चुकता फोन येतो. इकडचं तिकडचं बोलते आणि शेवटी विचारते, "आजोबा, दिलास?"

मी तिला खोटं सांगत नाही. "नाही अजून," म्हणतो.

"बरं," ती म्हणते.

तो चौकोन अजून कावळ्याला ठेवायचा राहिला आहे.